लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हर: ओपन सोर्स घ्यायचा की कंपनीचा क्लोज्ड?

नवीन कार्ड किंवा लॅपटॉप घ्यायचा म्हटलं की लिनक्सवाल्यांचा हा प्रश्न ठरलेला. मी दोन्हीकडे काही वर्षं काढलीत, आधी क्लोज्ड ड्रायव्हर, आता ओपन, त्यामुळे जे सांगतोय ते रोजच्या वापरातलं आहे, आकड्यांचे तक्ते माझ्याकडे नाहीत. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो हे आधीच मान्य.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. एएमडी किंवा इंटेल असेल तर खरं म्हणजे निवडायला फारसं काही नाहीच, ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आहे, वर मेसा (ग्राफिक्सचं बाकीचं काम बघणारा ओपन सोर्स भाग) आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. एएमडीजीपीयू हा ड्रायव्हर २०१५ मध्ये कर्नल ४.२ सोबत आला आणि तेव्हापासून चित्र हळूहळू पालटत गेलं. खरा पेच एनव्हिडियाचा, आणि तो कार्ड विकत घेण्याआधी सोडवायचा असतो, नंतर नाही.

आता क्लोज्डच्या बाजूने जे आहे ते मोकळेपणाने मान्य करायला हवं. तुमचं काम कूडावर (एनव्हिडिया कार्डांवर गणिती कामं चालवायची त्यांची प्रणाली) चालत असेल, मॉडेल ट्रेन करायची असतील, ब्लेंडरमध्ये ऑप्टिक्सवर (एनव्हिडियाची रेंडरिंगची सोय) रेंडर करायचं असेल, तर एनव्हिडिया घ्या, त्यांचाच ड्रायव्हर टाका आणि कामाला लागा. कूडाला पर्याय म्हणून एएमडीचं आरओसीएम आहे, सुधारतंयही, पण आपलं नेमकं कार्ड त्यांच्या सपोर्टच्या यादीत आहे का हे आधी बघत बसावं लागतं. दुसरं, एचडीएमआय २.१. एएमडीने ते ओपन ड्रायव्हरमध्ये आणायची तयारी केली होती, पण २०२४ मध्ये एचडीएमआय फोरमने (हे मानक ठरवणाऱ्या संस्थेने) परवानगी नाकारली. मोठा टीव्ही एचडीएमआयने जोडून ४के १२० हर्ट्झवर चालवायचा असेल तर घेण्याआधी हे नीट तपासा. डिस्प्लेपोर्टला ही भानगड नाही.

वेगाचं म्हणाल तर गेम्समध्ये मला असा फरक कधी जाणवलाच नाही की त्यावरून निर्णय घ्यावा. आरएडीव्ही (एएमडी कार्डांवर गेम्स चालवणारा मेसाचा ड्रायव्हर) आज उत्तम चालतो, स्टीमवाल्या व्हॉल्व्हने त्यात बराच जीव ओतलाय, स्टीम डेकवरही तोच आहे.

मग मी बदललं कशासाठी, तर एकाच त्रासासाठी.

क्लोज्ड ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा भाग) कर्नलच्या सोर्समध्ये नसतं, आणि कर्नलवाले आतले इंटरफेस कधीही बदलतात, ते स्थिर ठेवू असं त्यांनी कधी कबूलच केलेलं नाही. त्यामुळे नवा कर्नल आला की मॉड्यूल त्याच्यासाठी परत बनवावं लागतं. डीकेएमएस नावाचं साधन हे आपोआप करतं आणि बहुतेक वेळा बरोबर करतं. माझा सगळा त्रास त्या 'बहुतेक वेळा'मध्ये होता. एकदा रात्री अपडेट लावून मशीन बंद केलं, सकाळी एक काम पाठवायचं होतं म्हणून चालू केलं तर लोगो आला, मग काळी स्क्रीन, वर डाव्या कोपऱ्यात नुसता कर्सर. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून टर्मिनलवर गेलो, डीकेएमएसचं स्टेटस बघितलं तर मॉड्यूल जुन्या कर्नलसाठी बनलेलं, नव्यासाठी काहीच नाही. लॉग उघडला तर कर्नलमधल्या एका फंक्शनची आर्ग्युमेंट्स बदलली होती आणि मॉड्यूलचा कोड अजून जुन्याच पद्धतीने त्याला हाक मारत होता. ग्रबमधून (मशीन सुरू होतानाच्या मेनूतून) जुना कर्नल निवडला, मशीन उठलं, काम पाठवलं. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं.

इतकंच असतं तर विसरूनही गेलो असतो. पण त्या दिवशी मी कर्नल होल्डवर टाकला, म्हणजे त्याचे अपडेट थांबवले, म्हटलं आठवडाभर थांबू, ड्रायव्हरची नवी आवृत्ती येईल मग काढू. आठवड्याचे दोन-तीन महिने झाले. काम चालू असताना कोण हात लावणार? आणि तेवढ्या काळात कर्नलचे सिक्युरिटी फिक्सही माझ्यापर्यंत आले नाहीत, हे मला फार नंतर लक्षात आलं आणि मनापासून वाईट वाटलं, कारण लिनक्स मी ज्या कारणासाठी वापरतो त्यातलं हे एक मोठं कारण आहे. अपडेटची धास्ती बसणं हा माझ्यासाठी खरा तोटा होता, काळी स्क्रीन त्यामानाने किरकोळ.

कार्ड कुठल्या कंपनीचं होतं ते लिहीत नाही, कारण हा त्रास बाहेरून जोडलेल्या कुठल्याही मॉड्यूलला होऊ शकतो. एएमडीचा जुना क्लोज्ड ड्रायव्हर एफजीएलआरएक्स ज्यांनी वापरलाय त्यांनाही हे चक्र पाठ असेल.

म्हणूनच मला वाटतं 'ओपन की क्लोज्ड' यापेक्षा 'कर्नलच्या आत की बाहेर' हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये ५१५ ड्रायव्हरसोबत कर्नल मॉड्यूल ओपन सोर्स केलं, ट्यूरिंग पिढी (आरटीएक्स २० सिरीज वगैरे) आणि पुढच्या कार्डांसाठी, आणि नंतरच्या ब्लॅकवेल पिढीला तर तेच लागतं. चांगलंच झालं. पण वरचं ओपनजीएल, व्हल्कन (गेम्स ज्यांतून चित्र काढतात ते इंटरफेस), कूडा सगळं क्लोज्डच आहे, आणि ते ओपन मॉड्यूलसुद्धा कर्नलच्या सोर्समध्ये नाही, म्हणजे डीकेएमएस किंवा डिस्ट्रोने बनवून दिलेलं पॅकेज आलंच, सिक्योर बूट (सही असलेलाच कोड चालू देणारी सोय) चालू असेल तर मॉड्यूलवर सही करायचं प्रकरणही आलं. लायसन्स बदललं, बांधणी तीच राहिली.

उलट बाजूनेही सावध करतो. ओपन म्हणून डोळे झाकून नुवो (एनव्हिडिया कार्डांसाठीचा कर्नलमधला ओपन ड्रायव्हर) वापरू नका. जीटीएक्स ९०० पासून एनव्हिडियाने सही केलेलं फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारा कोड) सक्तीचं केलं, त्यामुळे त्या आणि पुढच्या १० सिरीजच्या कार्डांवर नुवोला क्लॉक वाढवताच येत नाही, कार्ड सुरू होताना ज्या संथ वेगात असतं तिथेच रांगत राहतं. तिथे क्लोज्डच घ्या, फक्त हे लक्षात ठेवा की या पिढ्यांसाठी ड्रायव्हरची ५८० ही शेवटची शाखा आहे. ट्यूरिंगपासून पुढे जीएसपी (कार्डावरचा नियंत्रक प्रोसेसर) फर्मवेअरमुळे ती कोंडी सुटली, आणि मेसामधला एनव्हीके (एनव्हिडियासाठीचा ओपन व्हल्कन ड्रायव्हर) तिथे खरंच आशा वाटावी असा आहे. एका मित्राच्या मशीनवर काही दिवस बघितला, डेस्कटॉप छान, गेम्स चालतात पण कंपनीच्या ड्रायव्हरइतक्या पळत नाहीत असं मला तरी वाटलं.

ओपनवर आल्यावर सगळं गोड आहे असंही नाही हं. अगदी नवं कार्ड घेतलं तर नवा कर्नल, नवा मेसा आणि नवं फर्मवेअर तिन्ही हवेत, डेबियन स्टेबलवर असाल तर वाट बघावी लागेल. फेडोराने २०२२ मध्ये पेटंटच्या कारणाने मेसातून एच.२६४ आणि एच.२६५ चं हार्डवेअर डिकोडिंग काढलं, ते आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या पॅकेज-साठ्यातून परत आणावं लागतं. आणि एक गेम माझ्याकडे ठराविक ठिकाणी अख्खं मशीन गोठवायचा. पण शोधलं तर मेसाच्या बग ट्रॅकरवर तीच तक्रार होती, कोणीतरी नेमका बिघडलेला कमिट (कोडमधला बदल) शोधून काढला होता, आणि पुढच्या छोट्या रिलीजमध्ये दुरुस्ती आली. क्लोज्डवर असताना मी लॉग पाठवून नुसता थांबलो होतो. हे दोन अनुभव शेजारी ठेवले की माझा कल कुठे आहे ते कळेलच.

वेलँडवर (स्क्रीनवर विंडो दाखवणारी नवी पद्धत) एनव्हिडिया नीट चालत नाही अशा जुन्या तक्रारी वाचून मात्र ठरवू नका. एनव्हिडियाने २०२१ मध्ये वेलँडला लागणारं जीबीएम घेतलं, २०२४ मध्ये ५५५ ड्रायव्हरसोबत चित्राचा ताळमेळ राखणारं एक्स्प्लिसिट सिंक आलं, स्क्रीनचं ते चमकणं-थरथरणं आता बरंचसं मागे पडलंय.

तर कूडा किंवा एचडीएमआय २.१ यातलं काही अडत नसेल तर मी कर्नलमध्ये ड्रायव्हर असलेलंच कार्ड सुचवेन. माझं आता असं आहे की अपडेट लावतो आणि विसरतो, मध्ये तर कर्नल बदललाय हे दुसरंच काहीतरी तपासताना दिसलं. आणि क्लोज्डवर राहायचं असेल तर एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारा) कर्नल ठेवा, त्याचे हेडर्स (मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइल्स) सोबत टाका, आधीचा एक कर्नल ग्रबमध्ये कायम राहू द्या, आणि अपडेटनंतर रीबूट करण्याआधी डीकेएमएसने नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बनवलंय का ते एकदा बघा, दहा सेकंदांचं काम आहे.