काळा विनोद: माइकवर सांगू की लिहून टाकू?

मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला एका मित्राची व्हॉइस नोट आली. त्याच्याकडे एक डार्क जोक आहे, म्हणजे मरण-आजारपणासारख्या गोष्टीवरचा, एकदम जबरी आहे, ओपन माइकला, म्हणजे कोणीही नाव देऊन स्टेजवर जोक सांगू शकतो तिथे, नाव देऊ का सरळ लिहून टाकू, आणि जोक पडला, कोणी हसलंच नाही, तर कुठे कमी लाज जाईल? दोन ओळीत उत्तर द्यायला बसलो आणि पाऊण तास टाइप करत राहिलो, कारण मी दोन्हीकडे मार खाल्लाय. तेच जरा नीट करून इथे टाकतोय, कोणी त्याच उंबऱ्यावर उभं असेल तर उपयोग होईल.

तुलना करायची तर माल एकच हवा, म्हणून माझाच जोक घेतो. बाबांच्या दहाव्याला कावळा शिवेना. काका हात जोडून म्हणाले, पोरांचं सगळं मी बघीन. कावळा नाही. दादा म्हणाला, गावची जमीन विकणार नाही. नाही. आत्या म्हणाली, जुनं भांडण विसरले. तरी नाही. शेवटी आई पुढे झाली आणि म्हणाली, "अहो, लाइटबिल भरलं हो, ऑनलाइन भरलं, पाच रुपये कॅशबॅक पण मिळाला." आणि आला कावळा.

अर्धं खरं आहे हे. बाबा गेले ते खरं, लाइटबिलावरून आयुष्यभर सगळ्यांचा जीव खाल्ला तेही खरं.

आधी माइक. आपल्याकडे ओपन माइक म्हणजे काय हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगतो, कॅफेच्या मागच्या खोलीत पंधरा-वीस खुर्च्या, त्यातल्या निम्म्यांवर आपला नंबर कधी लागतो याची वाट बघणारे आपल्यासारखेच लोक, चार-पाच मिनिटांचा सेट, आणि शेवटचं मिनिट उरलं की मागून कोणीतरी मोबाइलचा टॉर्च दाखवतो. एवढ्यात हसवायचं. पण एक गोष्ट इथे मिळते जी लिहिताना कधीच मिळत नाही, समोरचे चेहरे. मी पहिल्यांदा "बाबांच्या दहाव्याला" म्हटलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला. नुसता ठेवला, बाकी काही नाही. पण मला कळलं की हे शब्द त्यांना कुठेतरी लागलेत, मग मी तिथेच थांबून म्हटलं, "टेन्शन घेऊ नका, बाबा माझेच होते," आणि खोली सैल झाली, त्या बाईपण हसल्या. ही ओळ लिहिलेल्या जोकमध्ये घातली तर माती होते, तिथे ती माफी मागितल्यासारखी वाटते.

दुसरं म्हणजे पॉज. कॅशबॅकनंतर मी काही बोलत नाही, फक्त मान वर करून छताकडे बघतो. दोन सेकंद. लोकांना कावळा माझ्याआधी दिसतो आणि ते माझ्याआधी हसतात. कागदावर ही मान कशी वर करणार सांगा!

आता लिहिण्याची बाजू, आणि ही बाजू पडेल आहे असं अजिबात समजू नका. ब्रिटनच्या हर्टफर्डशायर विद्यापीठात रिचर्ड वाइजमन या मानसशास्त्रज्ञाने २००१ मध्ये इंटरनेटवरून जगभरातले जोक मागवले, ४० हजारांच्या वर आले, सत्तरेक देशांतल्या लोकांनी ते वाचून मार्क दिले. वाचून, ऐकून नाही. २००२ मध्ये निकाल लागला तर पहिला नंबर कोणाचा? काळ्या विनोदाचा. दोन शिकारी जंगलात, एक धाडकन कोसळतो, डोळे पांढरे. दुसरा इमर्जन्सीला फोन लावतो, माझा मित्र मेला हो, काय करू? पलीकडून आवाज येतो, शांत व्हा, आधी तो नक्की मेलाय याची खात्री करा. थोडा वेळ शांतता, मग गोळीचा आवाज, आणि पुन्हा फोनवर, "हां, केली. आता पुढे?"

हा लिहून का चालतो ते बघा. मरणारा कोणाचाच कोणी नाही, त्याला जात नाही, गाव नाही, आजार नाही. चूक मूर्खपणाची आहे, दुष्टपणाची नाही. आणि गोळी कोणी झाडली हे वाक्यात कुठेच लिहिलेलं नाही, ते वाचणाऱ्याने स्वतःच्या डोक्यात जोडायचं. माइकवर पॉज जे काम करतो ते इथे ही न लिहिलेली जागा करते. त्याच प्रयोगात आणखी एक गमतीचा आकडा निघाला, साधारण १०३ शब्दांचे जोक लोकांना सगळ्यात जास्त आवडले. मी माझा मोजला, पहिल्या लिखित खर्ड्यात दोनशेच्या वर होते! त्यात भटजी होते, नदीचा घाट होता, द्रोणातल्या भाताचं वर्णन होतं. माइकवर या भाताला चांगला हशा यायचा, लिहिलेल्यात तो नुसता रस्ता अडवत होता. भटजी काढले, घाट काढला, भात काढताना खरंच जिवावर आलं. "कावळा" हा शब्द शेवटचाच हवा, त्याच्यामागे एक अक्षरसुद्धा नको, हसणारी इमोजी तर अजिबात नको.

इमोजीवरून आठवलं. २००५ मध्ये नेथन पो नावाच्या माणसाने इंटरनेटवर एक निरीक्षण मांडलं ते आता पोचा नियम म्हणून ओळखलं जातं, टोकाच्या मताची टिंगल करताना डोळा मारल्याची खूण ठेवली नाही तर कोणीतरी ती खरीच समजणार. लिहिणाऱ्याची गोची हीच आहे, खूण ठेवली तर जोक मरतो, नाही ठेवली तर तुम्ही मरता. माइकवर तुमचं सगळं तोंडच खूण असतं. म्हणून माझं साधं गणित आहे, ज्या जोकमध्ये तुम्ही वाईट माणसाच्या तोंडून बोलता तो माइकसाठी ठेवा, आणि ज्यात प्रसंगच काळा आहे तो लिहा.

आता माझी माती कशी झाली ते. शाळेच्या जुन्या ग्रुपवर, सत्त्याऐंशी मेंबर, सकाळी पावणेनऊला मी हार्ट अटॅकवरचा एक दोन ओळींचा जोक टाकला. चांगला होता, आजही म्हणेन चांगला होता. वीसेक जणांनी हसून घेतलं. दुपारी एकाचा फक्त अंगठा आला, बाकी काही नाही. संध्याकाळी दुसऱ्या मित्राचा फोन, अरे तो सकाळपासून वडिलांना घेऊन आयसीयूच्या बाहेर बसलाय. वडील वाचले, मित्राने काही मनावर घेतलं नाही, निदान तसं म्हणाला तरी. पण तो अंगठा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. खोलीत वीस माणसं असली तर कप खाली ठेवणारी बाई दिसते. ग्रुपवर सत्त्याऐंशी माणसांची सत्त्याऐंशी सकाळ काय चाललीय ते तुम्हाला कोण सांगणार?

वेळेचाही मुद्दा त्यातच आला. अमेरिकेत २०१२ च्या सँडी वादळावरच्या जोकवर काही संशोधकांनी काम केलं, लगेच सांगितलेल्यावर लोक हसले नाहीत, साधारण महिनाभराने सगळ्यात जास्त हसले आणि नंतर पुन्हा हसू उतरत गेलं. म्हणजे फार लवकर पण नाही आणि फार उशिरा पण नाही. लिहिलेला जोक मात्र तुम्ही कितीही वेळ साधून टाकलात तरी फॉरवर्ड होत होत कोणाच्या तरी चुकीच्या दिवशी पोचतोच. माइकवर बोललेला त्या खोलीतच विरतो.

म्हणजे रेकॉर्डिंग केलं नसेल तर. वरळीला डिसेंबर २०१४ मध्ये एआयबी या कॉमेडी ग्रुपचा रोस्ट झाला, म्हणजे पाहुण्यांची तोंडावर यथेच्छ टिंगल करायचा शो, तिकीट काढून आलेला भरगच्च हॉल खदाखदा हसला, जानेवारी अखेरीला तोच यूट्यूबवर चढला आणि काही दिवसांत काढावा लागला, वर एफआयआर. जोक तेच होते. बदललं ते एवढंच की हॉलमधला माणूस आपण कशाला आलोय हे ठरवून आला होता आणि यूट्यूबवाल्याच्या पुढ्यात ते येऊन पडलं. त्यामुळे तुमचा ओपन माइकचा व्हिडिओ टाकलात की तो लिहिलेल्याच्या रांगेत गेला असं धरून चाला. कायद्याचं थोडक्यात, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरावरचं आयटी कायद्यातलं ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये रद्द केलं म्हणून बरेच जण निर्धास्त असतात, पण धार्मिक भावना दुखावणं आणि गटागटांत तेढ लावणं याची कलमं जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहेतच, आणि लिहिलेलं म्हणजे स्क्रीनशॉट आयता. ग्रुप अॅडमिन लोकांनी मात्र थोडा श्वास घ्यावा, दुसऱ्याच्या पोस्टसाठी नुसता अॅडमिन आहे म्हणून तो गुन्हेगार ठरत नाही असं मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय.

आणि एक, "डार्क जोक कळणारे जास्त हुशार असतात" हे फॉरवर्ड करणाऱ्यांसाठी. व्हिएन्नातला तो अभ्यास खरा आहे, २०१७ चा, १५६ लोकांना काळी व्यंगचित्रं दाखवली होती. पण ज्यांना ती सगळ्यात जास्त कळली आणि आवडली ते हुशारीत वर होते तसे आक्रमकपणात खाली होते, हा अर्धा भाग फॉरवर्डमध्ये गळालेला असतो, आणि फॉरवर्ड करणारा बहुतेक वेळा कोणाशी तरी भांडत असतो.

माइक असो की लेखन, एका बाबतीत दोन्हीकडे हिशोब सारखाच आहे, मरतोय कोण आणि बोलतोय कोण. फ्रॉइडने १९०५ च्या विनोदावरच्या पुस्तकात एक किस्सा दिलाय, सोमवारी फाशीला नेत असलेला कैदी म्हणतो, आठवड्याची सुरुवात तर झकास झाली! हेच वाक्य फाशी देणाऱ्याच्या तोंडी घालून बघा, अंगावर काटा येईल. आपल्या जुन्या म्हणींनाही हे पक्कं ठाऊक होतं, "मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही" हे कोंबड्याच्या बाजूने बोलणं आहे आणि "मढ्याच्या टाळूवरचं लोणी" मध्ये शिवी खाणाऱ्याला आहे, मढ्याला नाही. मित्राचा जबरी जोक मी ऐकला तेव्हा नेमकं हेच दिसलं, तो शेजारच्या आजोबांच्या विसरण्यावर होता, आजोबांकडून काहीच नव्हतं. मी म्हटलं, आजोबांना एक वाक्य दे, शेवटचं त्यांना दे. त्याने दिलं आणि जोक दुप्पट झाला. तो आधी माइकवर तीनदा म्हण, रेकॉर्ड करू नकोस, कुठे कप खाली जातो ते बघ आणि मग शंभर शब्दांत लिही, एवढं सांगून झोपलो.

माझा कावळा मी याच क्रमाने केला, आधी माइक, सात-आठ वेळा, मग लिहिला. टाकायच्या आधी आईला वाचून दाखवला. हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू. तिने चष्मा लावून फोन हातात घेतला, स्वतः पुन्हा वाचला, आणि म्हणाली, "पाच नाही रे, अकरा मिळाले होते."

अकरा केले. अकराला जास्त हसतात.