‘आइनस्टाइन ऑन द बीच’ची डीव्हीडी: अर्थ शोधायचा तर कुठे?

संगीतकार फिलिप ग्लास आणि दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन यांचा हा ऑपेरा १९७६ साली फ्रान्समधल्या आव्हिन्याँच्या महोत्सवात पहिल्यांदा झाला. मी पाहिली ती ओपस आर्टे कंपनीची डीव्हीडी. प्रयोग पॅरिसच्या शातले थिएटरमधला, २०१४ चा. चार तासांहून मोठा आहे, कथा नाही. त्यामुळे पाहणारा शब्दांना धरून बसतो आणि तिथेच गोंधळतो.

गाण्यात शब्द जवळजवळ नाहीतच, आहेत ते आकडे आणि डो-रे-मी, म्हणजे पाश्चात्य सारेगम. तालमीत मात्रा आणि सूर पाठ व्हावेत म्हणून ग्लासने ते वापरले आणि पुढे तेच ठेवले. पहिल्या ‘नी प्ले’त, म्हणजे अंकांना जोडणाऱ्या छोट्या प्रवेशात, ऑर्गनवर खर्जातले तीन सूर येतात, ४, ६ आणि ८ मात्रांचे, आणि कोरस नेमकं तेवढंच मोजतो. इथे गुप्त सूत्र शोधू नये. संगीत स्वतःलाच मोजतंय, आणि मला ते फार सुंदर वाटतं.

बोललेला मजकूर मात्र खरंच अवघड आहे. त्यातला बराचसा लिहिणारा क्रिस्टोफर नोल्स तेव्हा विशीतही पोचला नव्हता. त्याची वाक्यं अर्ध्यावर तुटतात, परत येतात. ती मी ध्वनी म्हणूनच ऐकतो.

नर्तकी ल्युसिंडा चाइल्ड्सने लिहिलेलं स्वगत वेगळं. खटल्याच्या प्रवेशात एक बाई सुपरमार्केटमधल्या पोहण्याच्या रंगीत टोप्यांबद्दल बोलते. घ्यायचा मोह झाला नाही म्हणते, पण आपण समुद्रकिनारा टाळत आलोय हे त्यामुळे आठवलं, असंही म्हणते. हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहते. पहिल्यांदा त्या खरेदीच्या गप्पा वाटतात. बऱ्याच वेळानंतर ‘टाळत आलोय’ एवढंच कानात उरतं आणि समोर चाललेला खटला त्या कबुलीला चिकटतो. नावात किनारा असलेल्या ऑपेरात कुणीच किनाऱ्यावर जात नाही, हेही तेव्हाच लक्षात येतं.

आणि शेवटी नट सॅम्युअल एम. जॉन्सनने लिहिलेला, बसचालकाच्या तोंडचा मजकूर. तो दोन प्रेमिकांची गोष्ट सांगतो: बाकावरच्या प्रेयसीला प्रियकर सांगतो की माझं प्रेम मोजायचं तर आकाशातले तारे मोज, किनाऱ्यावरचे वाळूचे कण मोज. इतका वेळ चाललेली मोजदाद आणि तो टाळलेला किनारा इथे एका वाक्यात भेटतात. अणुस्फोटाची छाया असलेल्या अंतराळयानाच्या प्रवेशानंतर लगेच हे येतं, म्हणून ते गोडगोड वाटत नाही. तिघांनी वेगवेगळं लिहिलेलं असं जुळावं, याला मी योगायोग मानायला तयार नाही. विल्सनने मजकुरांची जागा फार विचाराने ठरवलीय.

पडद्यावर एक तोटा आहेच: रंगमंचावर डोळा कुठेही फिरतो, इथे कॅमेरा ठरवतो. तरी पहिल्यांदा भेटणाऱ्याने डीव्हीडीच घ्यावी, कारण टोप्यांबद्दल बोलणारी बाई कुठे आणि कशी आहे हे दिसल्याशिवाय तिचं स्वगत उलगडत नाही. नुसतं ऐकायचं असेल तर नॉनसच कंपनीचं १९९३ चं ध्वनिमुद्रण घ्या; पहिलं ध्वनिमुद्रण चार एलपी तबकड्यांत बसवायला बरंच छाटलेलं आहे, आणि पुनरावृत्ती कमी झाली की टोप्यांचं स्वगत पांगळं होतं.