पोचा राहिला, तडा बुजला: घरी येऊन कॅरव्हॅन दुरुस्त करणाऱ्या कारागिराचा अनुभव

इंग्लंडमधल्या पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागातल्या एका मुक्कामाच्या तळावर गाडी मागे घेताना दगडी खांबाचा अंदाज चुकला आणि आमच्या आठ वर्षे जुन्या टूरिंग कॅरव्हॅनच्या (मोटारीमागे जोडून ओढायच्या फिरत्या घराच्या) उजव्या बाजूच्या पत्र्याला वीतभर पोचा पडला, शिवाय मागच्या पॅनेलच्या खालच्या कोपऱ्यात बोटभर तडा गेला. विम्याचा दावा केला असता तर पहिले २५० पौंड आम्हालाच भरावे लागले असते आणि दावा न केल्याबद्दलची सवलतही गेली असती. एका मोठ्या वर्कशॉपने मागचे अख्खे पॅनेल बदलण्याचे १,६०० पौंड सांगितले, तेव्हा दुरुस्ती करावी की तसेच चालवून घ्यावे, या विचारात दोन आठवडे गेले. शेवटी घरी येऊन काम करणाऱ्या एका कारागिराला बोलावले.

त्याने आल्या आल्या रंगाचे सामान न काढता ओल मोजण्याचे यंत्र काढले, आणि माझ्या मते त्याची फी तिथेच वसूल झाली. कॅरव्हॅनची भिंत म्हणजे बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये फोम आणि आत प्लायवुड, असे एकमेकांना चिकटवलेले थर असतात. त्यामुळे आपल्याकडचा डेंटिंगवाला जसा मोटारीचा पत्रा मागून ठोकून वर काढतो, तसे येथे करता येत नाही. एक तर लांबी (पुट्टी) भरून रंगवावे लागते किंवा वरून नवा पत्रा चिकटवावा लागतो. ओलीचा आकडा १५ टक्क्यांच्या आत असल्यास काळजी नसते, २० च्या पुढे गेल्यास पाणी आत शिरते आहे असे धरतात. पोच्याच्या आतल्या बाजूस तो १२ होता, तड्यामागे मात्र १९. पत्रा फाटलेला नाही, सांधा सुटलेला नाही, तेव्हा पोच्यावर पैसे घालू नयेत. तडा मात्र हिवाळ्याआधी बुजवावाच, कारण आतले लाकूड कुजू लागले तरी बाहेरून काही दिसत नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले. स्वतःचे अर्धे काम स्वतःच कमी करणारा माणूस क्वचितच भेटतो.

पॅनेल एबीएस या कडक प्लास्टिकचे असल्याने त्याने मागून त्याच प्लास्टिकची पट्टी द्रावकाने जोडली, वरून भरण करून घासले, रंग दिला आणि शेजारच्या सांध्यातले जुने सीलंट खरवडून नवे भरले. त्याने एकूण २२० पौंड घेतले. जोड पक्का आहे. मार्चमध्ये तेथला आकडा १४ आला.

उणिवाही आहेत. पावसामुळे दोनदा तारीख बदलली, ते समजण्यासारखे आहे, कारण उघड्यावर हे काम कोरड्या हवेतच करावे लागते. परंतु जुने पॅनेल उन्हाने पिवळटले असल्याने नवा रंग उठून दिसणार, याची कल्पना त्याने आधी द्यायला हवी होती. ओलीच्या नोंदी लेखी मिळवण्यासाठीही मला दोनदा आठवण करावी लागली. पुढे कॅरव्हॅन विकताना त्या कागदाला किंमत असते. ज्यांची पाणी शिरण्याबाबतची वॉरंटी अजून चालू आहे, त्यांनी अशा कारागिराला हात लावू देण्यापूर्वी उत्पादकाच्या अटी नीट वाचाव्यात. आमची वॉरंटी संपलेली होती, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.