ॲव्हेंजरला मागे १४० चा टायर: एक पावसाळा आणि एक ऊस हंगाम काढल्यानंतर

बजाजच्या ॲव्हेंजर २२० क्रूझ या मोटरसायकलला कंपनीकडून मागे १३०/९०-१५ टायर येतो. तो झिजल्यावर मी घरीच १४०/९०-१५ चढवला. त्यावर साताऱ्याचा अख्खा पावसाळा काढला, कारखान्यांचा गळीत हंगामही काढला. आता ठामपणे लिहिता येईल असं वाटतं. एकच सांगायचंय: टायर जाड केल्याने गाडीचा स्वभाव बदलतो. पकड वाढेल या आशेवर कुणी हा खर्च करू नये.

आधी थोडी आकडेमोड, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच येतं. टायरवरचा पहिला आकडा म्हणजे मिमीतली रुंदी, ९० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ९० टक्के आणि शेवटचा १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. म्हणजे १३० ला ११७ मिमी आणि १४० ला १२६ मिमी. चाकाचा व्यास ६१५ वरून ६३३ मिमीवर जातो, घेर साधारण ३ टक्के वाढतो आणि गाडीची मागची बाजू ९ मिमी वर येते. घेर वाढला की गिअर लांब झाल्यासारखे वागतात. यवतेश्वरच्या चढाला पूर्वी जिथे तिसऱ्यावर गाडी ओढायची तिथे आता दुसरा लवकर टाकावा लागतो. हायवेला मात्र तेच इंजिन ८० च्या आसपास शांत वाटतं. माझा मीटर पुढच्या चाकावर चालतो, त्यामुळे त्यात फरक नाही. ज्यांच्या गाडीत गती मागच्या चाकावरून मोजली जाते, त्यांचा मीटर त्याच वेगाला पूर्वीपेक्षा कमी आकडा दाखवेल. ब्रेकचंही तसंच: ड्रम तोच, चाक मोठं, म्हणजे पायाचा तेवढाच जोर लावला तरी रस्त्यावर ब्रेक किंचित कमी लागतो.

१५०/८०-१५ चा मोह मलाही झाला होता. कागदावर त्याचा व्यास ६२१ मिमीच होतो, म्हणजे उंचीत जवळपास मूळचाच. पण अडचण उंचीची नाही, रुंदीची आहे. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्यात जागा ठरलेली, डावीकडे चेन, उजवीकडे ब्रेक प्लेटला फिरू न देणारा टॉर्क रॉड. त्यात मूळ रिम तीच राहणार. रिमची रुंदी रिमवरच ठोकलेली असते, आणि कोणता टायर किती रुंद रिमवर चालतो हे टायर कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं. टायर आणायच्या आधी हे दोन्ही जुळवून बघा. अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की तो दोन्ही बाजूंनी चिमटला जातो, वरून गोल फुगतो आणि मधल्या पट्टीवरच झिजतो. पैसे जाडीचे मोजायचे आणि रस्त्याला टेकणार अरुंद पट्टी, असा तो व्यवहार आहे.

बसवण्याचं काम धाकट्या भावाला हाताशी घेऊन अंगणात केलं. एक्सल काढणं, ब्रेकचा रॉड सोडवणं, टॉर्क रॉडची स्प्लिट पिन काढणं, चेन उतरवणं हे काही अवघड नाही. खरा घाम निघतो तो जुन्या टायरचा बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी कडा, रिमवरून सोडवताना. साबणाचं पाणी सढळ हाताने वापरा, लिव्हरचे घास छोटे घ्या आणि समोरच्या बाजूचा बीड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवा. तो तिथे उतरल्याशिवाय कितीही जोर लावा, टायर हलत नाही. तारांची रिम असल्याने ट्यूब आहेच. ती नव्या आकाराचीच घ्या, जुनी ताणून बसवू नका. तारांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून असलेला आतला रिम बँडही बदलून टाका. टायरवरचा बाण फिरण्याच्या दिशेने आहे ना, हवा भरल्यावर बीडलगतची रेघ सगळीकडून रिमला सारख्या अंतरावर आहे ना, एवढं पाहूनच चाक वर चढवा.

नंतर चाक हाताने सावकाश फिरवून चेनच्या बाजूची फट तपासा. माझ्याकडे ६ मिमीची ॲलन की पूर्ण फेरीभर मोकळी फिरली. एकाच आकाराचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात दोन-तीन मिमीने कमीजास्त भरतात, म्हणून माझ्या मापावर विसंबू नका. चाक जरा आऊट, म्हणजे वाकडं फिरत असेल तर आधी तारा ओढून घ्या. मागे कुणाला बसवून खड्ड्यातून एकदा नेऊन मडगार्डला आतून घासल्याची खूण आहे का तेही बघा.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलंय. आरटीओत विचारा, आणि विमा कंपनीकडून उत्तर लेखी घ्या.

आता चालवण्याबद्दल. टायर रस्त्याला किती टेकतो हे मुख्यतः गाडीचं वजन आणि आतली हवा ठरवते. रुंदी वाढली की टेकणारा ठसा आडवा पसरतो, पण लांबीला कमी होतो. म्हणून ओल्या घाटात मला पकड वाढल्याचं कधी जाणवलं नाही. साचलेल्या पाण्यात तर रुंद टायर तरंगायला जास्त तयार असतो, तिथे वेग आधीच उतरवतो. वळणात रुंद टायरचा टेकण्याचा बिंदू मधल्या रेषेपासून जास्त बाहेर सरकतो. त्यामुळे तेच वळण त्याच वेगाने घ्यायला गाडी थोडी जास्त झुकवावी लागते, आणि क्रूझरचे फूटरेस्ट मुळातच खाली. बोगद्यातून सज्जनगड फाट्याकडे आणि पुढे ठोसेघरला जाताना लागोपाठ वळणं आली की हँडल जड वाटतं.

सरळ रस्त्यावर मात्र हा टायर मनापासून आवडला. कराडकडे जाताना आडवा वारा किंवा शेजारून जाणारा ट्रक गाडीला पूर्वीइतका हलवत नाही. बाजूची उंची वाढल्याने खड्ड्याचा दणका मऊ झालाय, हे मागे बसणाऱ्या बायकोने न विचारता सांगितलं. हंगामात शेंद्र्याच्या कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांतून रस्त्यावर ऊस आणि चिखल पडतो. चाकाखाली गोल कांडं फिरलं की १३० काय नि १४० काय, दोन्ही सारखेच घसरतात. तिथे फक्त सावकाश जाणंच कामाला येतं.

हवा मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे, थंड टायरवर, दर आठवड्याला. टायरच्या बाजूला छापलेला कमाल दाब म्हणजे रोज भरायची हवा नव्हे. झीज अजून तरी सगळीकडे सारखी दिसते. हा संपला की मी १३० वर परत जाणार, कारण माझं बरंचसं फिरणं घाटातलं आहे. ज्यांचं रोजचं जाणंयेणं हायवेवर आहे त्यांना १४० नक्की मानवेल. त्यांनी या आकाराची एक ट्यूब बॅगेत बाळगावी. मेढ्याकडच्या पंक्चरवाल्यांकडे मला ती मिळाली नाही.