मिरजेत बनवलेला कुर्दी तंबूर: हात पक्का, पण सवय आड येते

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन नुसतं "तंबूर पाहिजे" म्हटलं, तर समोर चार तारांचा तंबोरा येतो. "सेतार" म्हटलं तर सतार. त्यामुळे नावावर वेळ घालवू नये. फोटो, मापं आणि मोबाइलमध्ये एखादं वादन घेऊनच जावं. हे परीक्षण या गल्लीतल्या एका छोट्या कारखान्यात मागणीवरून बनवून घेतलेल्या कुर्दी तंबुराचं आहे. कारखान्याचं नाव देत नाही, कारण खालच्या चुका सतारीवर बसलेल्या कुठल्याही हाताकडून होतील. गुण द्यायचे तर पाचपैकी साडेतीन. कारागिरीला साडेचार, पण वाद्य समजून घेण्याला जेमतेम अडीच.

आधी वाद्याविषयी, कारण ते कळल्याशिवाय ऑर्डर नीट देता येत नाही. हा तंबूर पश्चिम इराणातल्या केरमानशाह भागातला. गूरान, सहने, दालाहू ही त्याची घरं. तिथल्या कुर्दांमध्ये यारसान नावाचा पंथ आहे. त्याला अहल-ए-हक असंही म्हणतात, आणि इराकमध्ये हेच लोक काकाई म्हणून ओळखले जातात. पंथाला रूप दिलं सुलतान सहाक यांनी. सिरवान नदीकाठचं परदीवर हे त्यांचं पवित्र ठिकाण. त्यांचे कलाम, म्हणजे पवित्र पदं, जुन्या गोरानी भाषेत आहेत. कमरेला पट्टा बांधून, डोकं झाकून, गोल बसून जी सभा भरते तिला 'जम' म्हणतात, आणि जममध्ये कलामाला साथ असते ती तंबुराची. वाजवण्याआधी आणि वाजवून झाल्यावर तंबूर ओठाला लावतात. आपल्याकडे सप्ताहातला विणेकरी वीणा खाली टेकू देत नाही, दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच मोकळा होतो. तो भाव ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. इराणच्या १९७९ च्या राज्यघटनेने झरतुष्ट्री, यहुदी आणि ख्रिस्ती एवढेच अल्पसंख्य धर्म मान्य केले, यारसान त्यात नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी तंबूर ही ओळख सांभाळण्याचीही वस्तू आहे.

'कुर्दी तंबूर' हे नाव मात्र सोयीपुरतंच. बहुसंख्य कुर्द शाफई सुन्नी आहेत. सनंदजकडच्या कादिरी सूफींच्या खानकाहांत (मठांत) मान डफाला आहे. यझिदी हा कुर्दांमधला आणखी एक निराळा पंथ, त्यांचे कव्वाल (पदं गाणारे) डफ आणि शबाब नावाची बासरी वाजवतात. कारखान्याने आत चिकटवलेल्या लेबलावर 'सूफी सेतार' असं छापलं होतं, ते दोन्ही शब्दांनी चूक. सेतार हे फारसी वाद्य निराळं: चार तारा, पंचविसाच्या पुढे पडदे (दांडीवरचे स्वरांचे टेक), त्यांत पावस्वर (अर्ध्या स्वराहूनही लहान अंतराचे), आणि वादन तर्जनीच्या नखाने. तंबुराला तीन तारा आणि साधारण १४ पडदे, सगळे अर्ध्या स्वरांच्या अंतराने. तिसरी तार तशी अलीकडची. पूर्वी दोनच असत. बारीक तार दुहेरी करण्याचं श्रेय तंबूरवादक उस्ताद इलाही (१८९५-१९७४) यांना दिलं जातं.

आता प्रत्यक्ष नग. एकूण लांबी ८५ सेंटिमीटर, पोटाची रुंदी १६, मोकळ्या तारेची लांबी ६२. मापं बरोबर उतरली, दांडी नाकासमोर सरळ, गुलूचा (पोट आणि दांडी जोडणाऱ्या गळ्याचा) सांधा नखाने चाचपडला तरी लागत नाही. १५० वर्षांहून जुनी परंपरा आणि मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन उगाच नाही.

लाकडावर पहिली तडजोड झाली. केरमानशाहमध्ये पोट आणि तबली (पोटावर बसवलेली पातळ फळी) तुतीची, दांडी अक्रोडाची. इथे तून वापरली गेली, कारण सतारीसाठी तीच घरात असते. तून हलकी आणि मऊ. आवाज गोड येतो, पण बोटाचा आघात बोथट होतो. सातारा-सांगलीकडे रेशमासाठी तुतीची लागवड आहे, पण ती पाल्यासाठी छाटलेली झुडपं. त्यातून वाद्याची फळी निघत नाही. जाड तुती काश्मीरकडून मागवावी लागते, तिथे रबाब याच लाकडातून कोरतात. अक्रोडही तिकडचाच. दोन्ही एकत्र मागवून निदान वर्षभर सावलीत वाळवायची तयारी असेल तरच कारागिराला आग्रह करावा. ओली तुती वापरली तर पहिल्याच उन्हाळ्यात पोटाला चीर जाते. तेवढा धीर नसेल तर पोट तुनीचं चालेल, तबली मात्र तुतीचीच मागावी. आवाजाचा मोठा वाटा तिचा आहे.

पोट बनवायच्या दोन रीती आहेत: एकाच ओंडक्यातून कोरलेलं, किंवा सात ते दहा पातळ पट्ट्या वाकवून जोडलेलं. मिरजेचा हात भोपळ्यावर बसलेला, पट्ट्या वाकवायचा फर्मा इथे नव्हता, म्हणून कोरीव पोट मिळालं. कोरीव वाईट नाही, जुनी रीत तीच. पण भिंत जाड राहिली तर वाद्य ठोकळ्यासारखं वाजतं. टिचकी मारून पाहावी: पोटाच्या मध्यावर आणि गुलूजवळ आवाज वेगवेगळा आला तर जाडी असमान आहे, परत आत घासून घ्यावं. तबली लावण्याआधीच हे करायचं, नंतर हात आत जात नाही.

तबली २ ते ३ मिलिमीटर हवी. इथे पहिल्या वेळी चार आली, कारण सतारीची तबली रुंद घोडी (तारांखालचा टेकू) आणि ढीगभर तारांचा दाब पेलते. तंबुराच्या तबलीवर बारीक छिद्रांचा जो गुच्छ असतो तो तापवलेल्या सळईने पाडून घ्यावा. ड्रिलने पाडली तर काठाला कुसळं राहतात आणि ठराविक स्वरावर कर्रर आवाज येतो.

सगळ्यात मोठी फसगत घोडीची. मिरजेचा कारागीर घोडी हातात घेतो आणि न विचारता जवारी काढतो. तो त्याचा धर्मच आहे म्हणा. पण जवारीत तार सपाट पृष्ठभागाला घासत जाते आणि आवाजाला झिणझिण येते. तंबोऱ्याचा जीव त्यात आहे, या तंबुराचा नाही. इथे वादनाचा प्राण 'शुर्र' आहे. उजव्या हाताची पाचही बोटं एकामागून एक तारांवरून वाहत नेतात, नखी लावत नाहीत. प्रत्येक बोटाचा ठोका सुटा ऐकू यायला हवा. जवारीच्या घोडीवर तोच शुर्र ऐकला तर पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं सगळं एक होतं. उपाय सोपा: घोडी निमुळती करून तारेचा टेक एक-दीड मिलिमीटरवर आणावा, उंची ८ ते १० मिलिमीटर ठेवावी, आणि घोडी तबलीला चिकटवू नये. तारांच्या ताणाने ती जागेवर बसते. कारागिराला "जवारी नको" एवढं सांगून पुरत नाही, "घोडी बंद आवाजाची, धारेवरची" असं सांगावं लागतं. मग ते दहा मिनिटांत करून देतात, आणि उत्तम देतात.

पडदे धातूचे नकोत, तातीचे (आतड्याच्या दोरीचे) हवेत. तात न मिळाल्यास नायलॉन. प्रत्येक पडद्याला तीन-चार वेढे, गाठ दांडीच्या वरच्या काठाला, म्हणजे बोटं सरकताना मध्ये येत नाही. एकच वेढा दिला तर पडदा आठवड्यात तिरका होतो. तात थोडी भिजवून बांधली की वाळताना आवळते. ६२ सेंटिमीटर तारेला खुंट्यांकडच्या अटीपासून पहिला पडदा साधारण ३.५ सेंटिमीटरवर, मध्यमाचा १५.५, पंचमाचा २०.६, तार षड्जाचा ३१. हे आकडे सुरुवातीचे, शेवटचं बोट कानाचं.

तारांत दुकानदारावर डोळे झाकून विसंबू नये. सतारीची बाजाची (मुख्य वादनाची) तार ०.३० मिलिमीटरच्या आसपास. तंबुराची बारीक जोडी ०.१८ ते ०.२० ची. त्याच स्वराला, त्याच लांबीवर ०.३० ची तार चढवली तर ०.२० च्या सव्वादोन पट ताण येतो, आणि ती पातळ तबली महिन्या-दोन महिन्यांत घोडीखाली बसते. तरफेची (सतारीत खाली आपोआप झंकारणारी) तार त्यातल्या त्यात जवळची, तीही किंचित जाडच. खालची तार गुंडाळीची घ्यावी. बारीक जोडी षड्जात लावली की खालची मंद्र पंचमात किंवा मंद्र मध्यमात जाते. दोन्ही मेळ रूढ आहेत.

सजावटीत एक गंमत झाली. सवयीने दांडीच्या टोकाला सेल्युलॉइडचा मोर बसला. मोर हा यझिदींच्या श्रद्धेतला मलक ताऊस, आणि हे वाद्य यारसानांचं. ज्याला दोन्ही माहीत आहेत तो बघून बुचकळ्यात पडेल. केरमानशाहचे तंबूर सहसा साधे असतात, लाकडाच्या रेषा हीच नक्षी. काढून टाका म्हटल्यावर कारागीर हिरमुसला, पण काढला. पॉलिशही चपड्याचं, पातळ हातांनी. फवाऱ्याचं चकचकीत पॉलिश तबलीवर येऊ देऊ नये, तिचा श्वास कोंडतो.

सेवेबद्दल तक्रार नाही. तीन वेळा दुरुस्ती झाली, एकदाही वेगळे पैसे मागितले नाहीत, आणि वाद्य सुपूर्द करताना वृद्ध कारागिराने ते आपसूक कपाळाला लावलं. ज्या दर्ग्याच्या उरसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीला संगीताची सेवा वाहतात, त्या दर्ग्याचं हे गाव. इथे वाद्य म्हणजे निव्वळ माल नव्हे.

सांगलीचा पावसाळा हा यातला न सांगितलेला भाग. केरमानशाहचा उन्हाळा कोरडा ठणठणीत, आपला जुलै ओला चिंब. खुंट्या फुगून अडकतात: अडकली तर कोरडा साबण, घसरली तर खडू, तेल कधीच नाही. तबली फुगली की तारा पडद्यांपासून वर उचलल्या जातात. लगेच घोडी घासू नये, दिवाळीत तबली परत बसते आणि मग तारा पडद्यांना लागून खरखरतात. त्यापेक्षा थोड्या कमी उंचीची दुसरी घोडी पावसाळ्यासाठी आधीच करून घ्यावी. कृष्णेकाठच्या घरांत तळमजल्यावर, भिंतीला टेकवून ठेवू नये. ओल भिंतीतून येते, पूर यावाच लागतो असं नाही.

ताबा घेताना बाराव्या पडद्यावर बोट दाबून आलेला स्वर आणि तिथेच तारेला नुसता स्पर्श करून आलेला स्वर जुळतो का, ते पाहावं. दाबलेला स्वर चढा आला तर घोडी खुंट्यांपासून किंचित लांब सरकवायची, उतरा आला तर जवळ. बिलावर पोटाचं आणि तबलीचं लाकूड वेगवेगळं लिहून घ्यावं. आणि ऑर्डर दिवाळीनंतर द्यावी: भर पावसात सरस लावून बसवलेली तबली मार्चच्या उन्हात कडेने सुटते.