सोसायटीच्या हिशेबाला कॅल्कचे चार्ट: फुकटात चांगले, फॉन्टकडे लक्ष ठेवा

वार्षिक सभा जवळ आली की मुंबईतल्या सोसायटीच्या खजिनदाराला मेंटेनन्सची वसुली आणि टँकरचा खर्च एका पानावर दाखवायचा असतो. एवढ्यासाठी लिबरऑफिसमधलं कॅल्क हे एक्सेलसारखं स्प्रेडशीट पुरतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत. एक्सेलची चकाकी मात्र नाही.

पहिल्या कॉलममध्ये महिने, मग वसुली, शेवटी टँकर. शीर्षकांसकट निवडायचं, पण खालची ‘एकूण’ची ओळ सोडून, ती आत आली तर तेरावा खांब आभाळाला टेकतो आणि बाकीचे बारा गवतासारखे दिसतात. पण फरक खराच मोठा असेल तर तो लपवू नये. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला 73. तिथे लॉगरिदमिक स्केल (10, 100, 1000 अशी पटीत चढणारी मोजपट्टी) लावली तर खांबांची उंची खोटं बोलते.

इन्सर्टमधून चार्ट निवडला की चार पायऱ्यांचा विझार्ड उघडतो. दुसऱ्या पायरीवर पहिली ओळ आणि पहिला कॉलम लेबल म्हणून धरण्याच्या दोन्ही टिक आहेत ना, ते बघा. कॉलममध्ये 2021, 2022 अशी नुसती वर्षं असतील आणि पहिल्या कॉलमची टिक लावायची राहून गेली, तर वर्षांचेच खांब उभे राहतात.

वसुली लाखांत, टँकर हजारांत, म्हणून टँकरला वेगळा अक्ष हवा. ‘कॉलम अँड लाइन’ प्रकार घ्यायचा आणि रेघांची संख्या 1 ठेवायची. निवडीतला शेवटचा कॉलम रेघ होतो, टँकर शेवटी ठेवायचा तो त्यासाठीच. मग चार्टवर डबल क्लिक. एका क्लिकने तो नुसता चित्रासारखा सरकतो, नवख्यांचा निम्मा वैताग इथलाच. रेघेवर राइट क्लिक, फॉरमॅट डेटा सिरीज, ऑप्शन्स, सेकंडरी वाय अ‍ॅक्सिस, म्हणजे उजवीकडचा दुसरा उभा अक्ष. उजव्या अक्षाला नाव द्याच, नाहीतर ‘टँकरवर वसुलीएवढाच खर्च कसा?’ म्हणून सभेत कोणीतरी उठणारच. अक्षावर 4,50,000 असा आपला स्वल्पविराम हवा तर अक्षाच्या फॉरमॅटमधल्या नंबर्सच्या टॅबमध्ये सोर्स फॉरमॅटची टिक काढून #,##,##0 हा कोड टाकायचा.

एखाद्या महिन्याचा खांबच उगवला नाही तर आकडा बहुधा मजकूर म्हणून बसलेला असतो. बँकेच्या किंवा अकाउंटिंगच्या फाइलमधून उचललेल्या डेटात हे हमखास होतं. कंट्रोल आणि एफ8 दाबा: खरे आकडे निळे, सूत्रं हिरवी, मजकूर काळा. काळा दिसला की चोर सापडला. तारखा अशा फसल्या असतील तर डेटामधल्या टेक्स्ट टू कॉलम्समध्ये दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडून त्या सरळ होतात.

खरा त्रास देवनागरीचा. शीर्षकाचा आकार 18 केला तरी मराठी अक्षरं जागची हलत नाहीत, कारण वेस्टर्न (इंग्रजीसारख्या) आणि कॉम्प्लेक्स (देवनागरीसारख्या) लिपीचे फॉन्ट वेगळे धरले जातात आणि बदल पहिल्यालाच लागतो. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू केलं की फॉन्टच्या खिडकीत दुसरा भाग दिसतो. आकार तिथे बदलायचा. ही सेटिंग शोधायला लागते हा मोठा दोष.

सूचनाफलकावर लागते ती काळी-पांढरी झेरॉक्स. त्यात लाल आणि हिरवा सारखेच राखाडी दिसू शकतात, म्हणून खांबांच्या एरिया टॅबमध्ये रंगाऐवजी हॅच (रेघांची नक्षी) घ्या. लिबरऑफिसच्या 7.5 आवृत्तीपासून चार्टखाली आकड्यांचा तक्ताही जोडता येतो. मागच्या रांगेतल्यांसाठी तो उपयोगाचा.

शिल्लक कशी घटत गेली हे दाखवणारा वॉटरफॉल चार्ट इथे तयार मिळत नाही, एक्सेलमध्ये 2016 पासून आहे. आणि फाइल एक्सेलच्या स्वरूपात सेव्ह केली की तिकडे उघडल्यावर चार्टची ठेवण बदलू शकते. मूळ प्रत कॅल्कच्या स्वतःच्या ओडीएस स्वरूपातच ठेवा, सभासदांना पीडीएफ पाठवा.