महिला गट की खुला गट?
इंदूरच्या मराठी घरांत बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलीचे नाव महिला गटात द्यावे की स्त्री-पुरुष दोघेही खेळू शकतात त्या खुल्या गटात, हा प्रश्न हटकून निघतो. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हम्पीला जलद टायब्रेकमध्ये (बरोबरी फोडण्यासाठीच्या कमी वेळाच्या डावांत) हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्यासोबत थेट ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातील सर्वोच्च किताबही मिळवला. हंगेरीच्या ज्युडिट पोल्गारने मात्र महिला विश्वविजेतेपदाकडे पाठच फिरवली, २००२ मध्ये माजी विश्वविजेत्या कास्पारोव्हचा बर्लिन बचाव (काळ्या मोहऱ्यांनी खेळण्याची एक भक्कम सुरुवात) भेदून त्याला जलद डावात नमवले आणि २००५ मध्ये जागतिक क्रमवारीत आठवे स्थान गाठले. माझा कौल निःसंशय खुल्या गटाला आहे, कारण बलवान प्रतिस्पर्धी तिथेच अधिक भेटतात; तरीही किताबाची अशी संधी देणाऱ्या महिला स्पर्धा मुलींनी सोडू नयेत.